काळ्या कातळाची सफर : चारठाणा, लोणार, अजिंठा, गौताळा

चारठाण्याच्या शिवारात नवी विहीर घेतली की आधी काळी माती निघते, मग मुरूम, मुरुमाखाली मांजऱ्या आणि त्याखाली काळा कातळ. कधी दोन कातळांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. पाण्याच्या आशेने काठावर उभा असलेला शेतकरी आणि खाली सुरुंगाची भोकं पाडणारे गडी, दोघांनाही हे थर तोंडपाठ असतात. मांजऱ्या लागला की चेहरे खुलतात, कारण पाणी त्यात असतं. सलग काळा लागला की सगळे गप्प होतात.

या थरांचा शेकडो फूट उंचीचा, डोंगराएवढा उभा छेद पाहायचा असेल तर कुठे जायचं? दऱ्या आणि राष्ट्रीय उद्यानं म्हटलं की आज मराठी घरांतसुद्धा ॲरिझोना आणि युटाची नावं निघतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, आईवडील तिकडे जातात, भाड्याची मोठी गाडी घेऊन ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस असा फेरा होतो आणि फोटो गावाकडच्या ग्रुपवर येतात. तो फेरा करण्यासारखाच आहे. पण जिंतूर-मंठा रस्त्यालगतच्या चारठाण्याहून गाडी काढून चार दिवसांत जो फेरा होतो, तोही त्याच तोलाचा आहे. लोणारचं विवर, ज्ञानगंगेचं जंगल, अजिंठ्याची दरी आणि गौताळ्याचे कडे या एका फेऱ्यात बसतात. शिवाय या वाटेवर जे दिसतं ते समजून घ्यायला चारठाण्याचा माणूस आधीच तयार असतो, कारण त्याने विहीर पाहिलेली असते.

म्हणून सुरुवात गावातूनच करावी. चारठाण्यात यादवकाळातल्या मंदिरांचे अवशेष जागोजाग आहेत. गोकुळेश्वराचं मंदिर आहे, बारव आहे, आणि गावकरी ज्याला दीपमाळ म्हणतात तो कोरीव दगडी स्तंभ आहे. हे सगळं काम काळ्या बेसाल्टमधलं आहे. एखाद्या खांबावर हात फिरवून पाहा. कोरीव कामासाठी कारागिरांनी दाट, बिनभोकाचा काळा दगड निवडलेला दिसेल. बुडबुड्यांची भोकं असलेला, पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला मांजऱ्या बारीक नक्षीला टिकत नाही, छिन्नी लागली की गारगोटी निखळते. दगडाची ही पारख पुढे अजिंठ्यात पुन्हा कामी येते.

हा दगड आला कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबलचक भेगांनी फाटली आणि पातळ, वाहता लाव्हा पसरत गेला. शंकूसारखे ज्वालामुखी इथे फारसे नव्हते. एक लोंढा यायचा, थिजायचा, काही काळ जायचा, त्याच्यावर दुसरा यायचा. नव्या कालमापनानुसार यातला बराचसा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला. पृथ्वीच्या वयाच्या मानाने हे फार झपाट्याने घडलं. आज हा दख्खनचा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते.

प्रत्येक लोंढ्याची रचना साधारण सारखी असते. लाव्हातला वायू वर चढतो, म्हणून लोंढ्याचा वरचा भाग उतू जाणाऱ्या दुधावरच्या फेसासारखा बुडबुड्यांचा थिजतो. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक भरतात. हाच मांजऱ्या. त्याखालचा भाग सावकाश, दाबाखाली थिजतो आणि दाट काळा होतो. दोन लोंढ्यांमध्ये बराच काळ गेला असेल तर वरचा पृष्ठभाग कुजून त्याची तांबडी माती होते आणि पुढचा लोंढा तिला भाजून काढतो. विहिरीतला तांबडा पट्टा तो. म्हणजे काळा कातळ फोडून खाली गेलं की खालच्या लोंढ्याचा मांजऱ्या लागण्याची शक्यता असते. विहिरीवरचा जुना जाणकार “अजून दोन हात खाली घ्या” म्हणतो, त्यामागे हे शास्त्र आहे.

आता मंठ्याकडे निघा. मंठ्याहून लोणारला जाताना पूर्णा नदी ओलांडावी लागते. ही आपली, गोदावरीला मिळणारी पूर्णा. अकोला-अमरावतीकडची, तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. आपली पूर्णा कन्नड तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, बुलढाणा आणि जालन्याच्या सीमेवरून येते आणि जिंतूरजवळ येलदरीच्या धरणात अडते. आपण जो फेरा करणार आहोत तो बऱ्याच अंशी या नदीच्या उगमाकडे जाणारा आहे.

लोणारला पोचेपर्यंत रस्त्यावर काहीच विशेष दिसत नाही. साधं माळरान, सोयाबीन, तूर, कापूस. गाव येतं, गाडी थांबते, चार पावलं चाललं की जमीन संपते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाशी तळं आणि भोवती झाडीचं कडं. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. त्याच्याही कितीतरी आधी ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या क्षाराचा आणि त्यापासून होणाऱ्या साबण-काचेचा उल्लेख आहे. बराच काळ हे ज्वालामुखीचं तोंड समजलं जाई. १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या अशाच एका विवराशी त्याचं साम्य नोंदवलं, पण तेव्हा ते ॲरिझोनातलं विवरही ज्वालामुखीजन्यच मानलं जात होतं. लोणारचा निकाल लागला १९७३ मध्ये. विवराच्या तळातून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी मास्केलिनाइट नावाची काच सापडली. इतका दाब कोणताही ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. आकाशातून आलेला दगडच तो निर्माण करू शकतो.

ॲरिझोनाचं ते विवर ग्रँड कॅन्यनच्या सहलीतला नेहमीचा थांबा आहे. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे लोणारपेक्षा लहान. तेही सुरेख आहे, पण ते वाळूच्या आणि चुन्याच्या दगडात झालं आहे. लोणार झालं बेसाल्टमध्ये. मंगळाचा आणि चंद्रावरच्या काळ्या डागांचा पृष्ठभाग बेसाल्टचाच आहे. त्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायची तर बेसाल्टमधलं सुस्थितीतलं विवर हाताशी हवं, आणि पृथ्वीवर अशी जागा फार दुर्मीळ आहे. जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ लोणारला येतात ते यासाठी. त्याच्या वयाबद्दल मात्र मत बदललं. पूर्वी ते सुमारे बावन्न हजार वर्षं मानलं जाई. २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनात ते पाच लाख सत्तर हजारांच्या जवळपास आलं.

लोणारला जाऊन नुसतं काठावरून फोटो काढून परतणारे पुष्कळ. माझं म्हणणं, खाली उतरा. पण उतरण्याआधी काठावरचे खडक बघा. विहिरीत किंवा घाटात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असतात. इथे काठाशी ते तळ्यापासून बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, कारण धक्क्याने आतली जमीन वर उसळून बाहेर दुमडली गेली. काठ आजूबाजूच्या माळापेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे तो याचमुळे. बाहेर फेकलेला चुरा विवराभोवती किलोमीटरभर पसरला आहे आणि त्याच्यावर आज शेती आहे. उतरताना भिंतीत एकावर एक पाच-सहा लोंढे मोजता येतात. काळा, मांजऱ्या, पुन्हा काळा. आपल्या विहिरीचंच हे वाढलेलं रूप.

मग गोमुखाची धार. वर गोड पाण्याचा झरा आणि खाली खारट, अल्कली तळं, हे कोडं बहुतेकांना पडतं. उत्तर थरांतच आहे. पावसाचं पाणी वरच्या मांजऱ्यात मुरतं, खालचा दाट काळा त्याला अडवतो आणि जिथे ही सांध्याची रेघ भिंतीत उघडी पडते तिथे पाणी बाहेर येतं. ते गोड असतं. तळ्याला बाहेर जायला मात्र वाट नाही. आत आलेलं पाणी वाफेनेच जातं आणि दगडांतून विरघळून आलेले क्षार मागे उरतात. म्हणून पाण्याचा सामू दहाच्या आसपास चढलेला. या पाण्यात मासे नांदत नाहीत, पण सूक्ष्मजीवांचं मोठं राज्य आहे. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे आणि रंगद्रव्य बाळगणारे असेच सूक्ष्मजीव कारण ठरले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानलं आहे, आणि विवर वन्यजीव अभयारण्यही आहे. मोर तर हाकेच्या अंतरावर दिसतात.

लोणारहून मेहकर, चिखली, बुलढाणा. हा टप्पा भरभर उरकावा. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो, पण या सफरीत त्याचा फारसा उपयोग नाही. बुलढाण्याला हवा बदलते, कारण गाव अजिंठा रांगेच्या माथ्यावर आहे. तिथून खामगावकडे बोथ्याच्या घाटात उतरलं की ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. सुमारे दोनशे पाच चौरस किलोमीटरचं सागवानी, कोरडं जंगल, आणि अस्वलांचं घर.

राष्ट्रीय उद्यानाचा विषय इथे काढायला हवा. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन, १८७२ मधलं. महाराष्ट्रातलं पहिलं ताडोबा, १९५५ मधलं. त्यानंतर राज्यात नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवलीचं आणि चांदोली अशी उद्यानं झाली. मराठवाड्यात एकही नाही. आपल्याकडे आहेत ती अभयारण्यं, तीही लहान आणि एकमेकांपासून तुटलेली. तेव्हा इथे काय बघायचं, असं विचारलं जातं. त्याचं उत्तर एका वाघाने दिलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाला २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर लावली. कागदावर त्याचं नाव टी-१-सी-१. तो त्या पावसाळ्याच्या तोंडावर घर सोडून निघाला. वाघ वयात आला की स्वतःचं रान शोधतो, आणि टिपेश्वरमध्ये जागा उरली नव्हती. तो तेलंगणाच्या आदिलाबादेत गेला, परत विदर्भात आला, मराठवाड्याच्या कडेने फिरला आणि पाचेक महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. पुढची भटकंती धरून त्याची चाल तीन हजार किलोमीटरपर्यंत गेली. भारतात वाघाच्या एवढ्या लांब प्रवासाची नोंद तोवर झालेली नव्हती. दिवसा ओढ्याकाठच्या झुडपात पडून राहायचं आणि रात्री शेताच्या बांधाने, कालव्याच्या कडेने, रस्ते ओलांडत निघायचं, हा त्याचा क्रम. तुरीचं उभं पीक आणि नदीकाठची बाभळीची राई वाघाला वाट म्हणून पुरते, हे त्याच्या कॉलरने सिद्ध केलं. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ थेट गौताळ्यात कॅमेऱ्यात आला. तिथे कित्येक दशकांत वाघ नव्हता. ज्ञानगंगेतून गाडी नेताना म्हणून वेग कमी ठेवा, हॉर्न वाजवू नका, रात्री घाटातून जाणं टाळा. हे जंगल छोटं आहे, पण लांबच्या जंगलांना जोडणारा दुवा आहे.

बुलढाण्याहून अजिंठा गावाकडे जाताना पुन्हा तोच अनुभव येतो. पठार सपाट, शेतं सपाट, डोंगराचं चिन्ह नाही. कारण अजिंठ्याची रांग दक्षिणेकडे, म्हणजे मराठवाड्याकडे, हळूहळू उतरते आणि उत्तरेकडे, खानदेशाकडे, एकदम तुटते. आपण तिच्या पाठीवरून जात असतो. ग्रँड कॅन्यनच्या काठावर माणूस असाच सपाट रानातून येऊन पोचतो आणि पायाखालची जमीन नाहीशी होते. लेण्यांकडे थेट खालून, फर्दापूरच्या बाजूने जाण्याआधी वरच्या पठारावरून लेणापूरकडे वळा आणि दरीच्या माथ्यावरच्या जागेवरून खाली पाहा. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या कड्यात लेणं दिसलं, ते इथल्याच माथ्यावरून, असं सांगतात.

इथून दरीची घडण स्पष्ट दिसते. वाघोरा नदी सात टप्प्यांनी खाली कोसळते, म्हणून सातकुंड. प्रत्येक टप्पा म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा. दाट काळा कातळ उभा कडा धरून राहतो. त्याखालचा मांजऱ्या आणि तांबडा पट्टा लवकर झिजतो, आत पोखरला जातो, वरच्या काळ्याचा आधार जातो आणि तो तुटून पडतो. धबधबा अशा रीतीने उगमाकडे मागे मागे सरकत जातो आणि पुढे दरी सोडत जातो. सप्टेंबरात समोरच्या कड्यावर आडवे हिरवे पट्टे दिसतात. गवत आणि झुडपं मऊ थरांच्या पायऱ्यांवर रुजतात, काळ्या कातळावर रुजत नाहीत. एकदा हे ओळखलं की कुठल्याही घाटात बसल्या जागेवरून लोंढे मोजता येतात.

ग्रँड कॅन्यनशी आकाराची तुलना करू नये. ती दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल. तिच्या भिंतीत वरचा चुनखडक सत्तावीस कोटी वर्षांचा, तळाचा खडक पावणेदोनशे कोटींच्या आसपासचा, आणि कोलोरॅडो नदीने हे सगळं गेल्या पाच-सहा दशलक्ष वर्षांत कापलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. समुद्र आला, गेला, वाळवंट झालं, पुन्हा समुद्र, अशी ती कहाणी आहे. अजिंठ्याच्या भिंतीत फक्त आग आहे आणि तीही भूशास्त्राच्या हिशेबाने घटकाभरची. पण ग्रँड कॅन्यनच्या भिंतीत कोणी चैत्य कोरले नाहीत. इथे सुमारे ७६ मीटर उंचीच्या कड्यात, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या वळणावर तीस लेणी आहेत. पहिली इसवीसनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातली आणि नंतरची वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. १९८३ पासून हा जागतिक वारसा आहे.

चित्रं तर बघालच. माझी विनंती, चोविसाव्या लेण्यात थोडा जास्त वेळ द्या. ते अर्धवट राहिलं आहे. काही खांब नुसते ओबडधोबड ठोकळे आहेत, काही घडत आलेले, आणि भिंतींवर छिन्नीचे समांतर ओरखडे ताजे असल्यासारखे उभे आहेत. काम छतापासून खाली यायचं, पुढून मागे जायचं. एकदा फोडलेला दगड परत जोडता येत नाही, म्हणून चूक करायला जागा नव्हती. कुठे मांजऱ्याचा पट्टा लागला की तिथला भाग ढासळतो, पाणी झिरपतं, चित्राचा गिलावा सुटतो, आणि हे अजिंठ्यातही जागोजाग झालं आहे. दगडाची ओळख असलेल्या माणसाला ही लेणी दुप्पट बोलतात. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं सांभाळा. गाडी खाली ठेवून शेवटचा टप्पा तिथल्या बसने करावा लागतो.

फर्दापूरहून परत घाट चढून सिल्लोड, आणि पश्चिमेला कन्नड. गौताळा-औट्रम घाट अभयारण्य १९८६ चं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. इथे पितळखोऱ्याची लेणी एका अरुंद घळईत आहेत. ती अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली आहेत आणि गर्दी जवळजवळ नाही. कड्याखाली चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या कुळाची आणि त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. पावसाच्या अखेरीस इथले कडे पाण्याने भरलेले असतात. याच डोंगरांत पूर्णा उगम पावते. या माथ्यावर पडणारा पाऊस उत्तरेच्या उतारावर पडला तर तापीला, म्हणजे अरबी समुद्राला जातो. दक्षिणेला पडला तर पूर्णेने येलदरीला आणि पुढे गोदावरीने बंगालच्या उपसागराला. पूर्णेच्या कालव्यांतून शेतांत येणारं पाणी इथून निघतं.

कन्नडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, मंठा, आणि गाव. ज्यांना खरी चिंचोळी, दोन्ही हात भिंतींना लागतील अशी दरी हवी, त्यांनी भंडारदऱ्याजवळच्या साम्रदची सांदण दरी वेगळ्या सफरीसाठी राखून ठेवावी. ती डिसेंबरानंतरच. पावसाळ्यात तिथे वरून अचानक पाणी येतं आणि पळायला जागा नसते.

या फेऱ्यासाठी सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. मे महिन्यात लोणारच्या तळाशी उतरू नये, आत वारा फिरत नाही. पाणी, टोपी, धरणारे बूट, भाकरी-ठेच्याचा डबा एवढं पुरे. लोणारच्या तळ्यात साबण, निर्माल्य किंवा प्लास्टिक जाऊ देऊ नका. त्या तळ्याला बाहेर वाट नाही, आत गेलेलं आतच राहतं. खडकातल्या गारगोट्याही फोडून आणू नका.

आणि शेवटी चारठाणा, जिंतूर, मंठा भागातल्या शिक्षकांना एक सांगणं. एसटी शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. दरवर्षीची सहल लांबच्या वॉटर पार्ककडे जाते, ती एक वर्ष लोणारला न्या. एका दिवसात जाऊन येता येतं. निघण्याआधी मुलांना गावातली एखादी उघडी विहीर काठावरून दाखवा, तिचे थर वहीत काढून घ्या, आणि ती वही लोणारच्या उतारावर उघडायला लावा.